नागरिकांचा संघ : हिरोशिमाचा ‘कार्प’

१९४५ च्या ऑगस्ट महिन्याच्या ६ तारखेस सकाळीं सव्वाआठ वाजतां हिरोशिमा शहरावर अणुबाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तेथें सुमारें १,४०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं, असा अंदाज आहे. त्या दिवसापासून या शहराचें नांव जगाच्या तोंडीं केवळ संहाराच्या संदर्भांत येऊं लागलें. परंतु १९४९ सालच्या अखेरीस त्याच शहरानें एक अगदीं निराळा संकल्प केला. धंदेवाईक बेसबॉलचा एक संघ उभारावयाचा, असें त्यानें ठरविलें. अद्याप कित्येक कुटुंबें फळ्यापत्र्यांच्या खोपटांत राहत होतीं आणि कित्येक घरांतून आप्तजनांचा शोक ओला होता. अशा स्थितींत खेळाचा संघ कशासाठीं, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत सहज उभा राहील. त्या प्रश्नाचें उत्तर कोणी व्याख्यान देऊन दिलें नाहीं. तें त्या संघाच्या पुढील इतिहासानेंच दिलें.

बेसबॉल हा खेळ मूळचा अमेरिकेचा. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो जपानांत गेला, शाळाकॉलेजांतून रुजला आणि तेथील जनतेच्या अंगवळणीं पडला. ज्यांना क्रिकेट परिचित आहे त्यांना हा खेळ समजण्यास कठीण नाहीं. दोन्ही पक्ष आळीपाळीनें नऊ नऊ वेळां फलंदाजीस येतात. तीन गडी बाद झाले कीं डाव संपतो. चौकोनी मैदानाच्या तीन कोपऱ्यांवर तीन तळ असतात. ते क्रमानें गांठून जो गडी चौथ्या कोपऱ्यावरील मूळ ठिकाणीं परत येतो त्याची एक धाव होते. फलंदाजानें तीनदां संधि दवडली कीं तो बाद. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला, तर फलंदाज व तळांवर असलेले सर्व गडी निर्वेध घरीं येतात.

जपानांतील धंदेवाईक संघ हे बहुधा बड्या भांडवलदारांच्या मालकीचे होते. कोणाच्या पाठीशीं वृत्तपत्र, कोणाच्या पाठीशीं आगगाडी कंपनी, तर कोणाच्या पाठीशीं चित्रपटसंस्था असे. १९४९ च्या अखेरीस या संघांची एक संघटना मोडून ‘सेंट्रल’ व ‘पॅसिफिक’ अशा दोन संघटना झाल्या, आणि नव्या संघांना प्रवेशाची वाट मिळाली. त्या वाटेनें हिरोशिमाचा संघ सेंट्रल संघटनेंत शिरला. मात्र त्याच्या पाठीशीं एकहि धनाढ्य कंपनी नव्हती. प्रांत, शहर व आसपासचीं गांवें यांच्या मदतीवर आणि नागरिकांच्या वर्गणीवर त्याचा सारा भरंवसा होता. संघाचें नांव ‘कार्प’ असें ठेवण्यांत आलें. कार्प म्हणजे आपल्याकडील रोहू-कटल्याच्या जातकुळींतील मासा. हिरोशिमाच्या जुन्या किल्ल्याला ‘कार्पचा किल्ला’ असें टोपणनांव आहे. शिवाय धबधब्याच्या उलट दिशेनें वर चढणारा मासा म्हणून जपानी लोक या माशाला धैर्याचें प्रतीक मानतात. तें धैर्य या संघाला पुढें पदोपदीं लागणार होतें.

संघाचा पहिला सूत्रधार शुइची इशिमोतो हा हिरोशिमाचाच सुपुत्र. महायुद्धापूर्वीं त्यानें शहरांतील व्यापारी शाळेच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धांत नांवारूपाला आणलें होतें. आतां त्याच्या हातीं आले ते कांहीं उतारवयाकडे झुकलेले आणि कांहीं अगदींच अननुभवी असे खेळाडू. १९५० च्या पहिल्या हंगामांत कार्पनें १३८ सामने खेळून ४१ जिंकले, ९६ गमावले आणि एक बरोबरींत सोडविला. आठ संघांत त्याचा क्रमांक आठवा लागला. पराभवापेक्षांहि बिकट होती ती पैशाची टंचाई. खेळाडूंचे पगार वेळेवर निघेनात. प्रवासखर्चाची तोंडमिळवणी होईना.

१९५१ च्या मार्चमध्यें प्रकरण अगदीं हातघाईवर आलें. शिमोनोसेकी येथील तैयो या मासेमारी कंपनीच्या संघांत कार्प विलीन करावा, नाहीं तर तो मोडून टाकावा, असा विचार संचालकांच्या सभेंत पुढें आला. ही वार्ता बाहेर फुटतांच नागरिक खडबडून जागे झाले. एक वर्षभर ज्या संघाच्या पराजयांवर ते हळहळत होते तो संघ आपल्या हातून जाणार, या कल्पनेनेंच त्यांना तो आपला वाटूं लागला. इशिमोतोनें विलीनीकरणास कडकडून विरोध केला. मैदानावरील कामाचा बराचसा भार सहाय्यकावर सोंपवून तो स्वतः वर्गणीसाठीं गांवोगांव फिरूं लागला. गिरण्या, कचेऱ्या आणि गल्ल्या यांतून साहाय्यक मंडळें निघालीं. सामन्याच्या वेळीं मैदानाच्या दाराशीं साकेचीं, म्हणजे तांदळाच्या मद्याचीं, रिकामीं लांकडी पिंपें ठेवण्यांत आलीं, आणि येणारा-जाणारा जें शक्य असेल तें त्यांत टाकूं लागला. या पिंपांत पडलेला पैसा बहुतेक चिल्लर नाण्यांचा व मळक्या नोटांचा होता. परंतु त्या चिल्लरीनें संघ जगला. ज्यांच्या घरांवर अद्याप धड छप्पर नव्हतें त्यांनीं खेळाडूंच्या पगाराची सोय लावली, ही गोष्ट हिरोशिमाचे लोक पुढें कधींहि विसरले नाहींत.

पुढच्याच वर्षीं दुसरें संकट उभें राहिलें. १९५२ सालीं सेंट्रल संघटनेंत सात संघ होते. विषम संख्येमुळें सामन्यांची मांडणी नीट जुळेना. म्हणून असें ठरलें कीं, ज्या संघाच्या विजयांचें प्रमाण शेंकडा तीसच्या खालीं जाईल त्याला संघटनेंतून दूर करावें. हा नियम कोणाच्या गळ्यांत पडणार हें सर्वांना दिसत होतें. हंगाम संपला तेव्हां कार्पचे ३७ विजय, ८० पराजय व ३ बरोबरीचे सामने झाले होते. प्रमाण शेंकडा ३१.६ पडलें. तीसच्या खालीं गेला तो शोचिकु या चित्रपटसंस्थेचा संघ. दोनच वर्षांपूर्वीं, १९५० सालीं, हाच शोचिकु सेंट्रल संघटनेचा विजेता ठरला होता! तो तैयोमध्यें विलीन झाला आणि नागरिकांच्या वर्गणीवर चालणारा कार्प टिकून राहिला. सहाव्या क्रमांकाचा एवढा आनंद क्वचितच कोणत्या शहरानें मानला असेल.

या हलाखीच्या काळांत संघाला मिळालेलें अमोल रत्न म्हणजे गोलंदाज रिओहेइ हासेगावा. हा लहानखोर बांध्याचा खेळाडू १९५० सालीं संघांत आला आणि अखेरपर्यंत येथेंच खेळला. १९५५ च्या एका हंगामांत त्यानें ३० सामने जिंकून दिले. साऱ्या कारकीर्दींत त्याच्या नांवावर १९७ विजय आणि २०८ पराजय लागले. बलाढ्य संघांत तो असता, तर हे आंकडे कितीतरी निराळे दिसले असते. दुबळ्या संघासाठीं दोनशेंवर पराजय अंगावर घेणारा गोलंदाज हिरोशिमाला शंभर विजेत्यांहून प्रिय झाला.

१९५७ च्या जुलै महिन्यांत संघाला स्वतःचें घर मिळालें. आधींच्या मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळें दिवसभर कामावर असणाऱ्यांना सामने पाहतां येत नसत. शहरांतील उद्योगसंस्थांनीं एकत्र येऊन देणगी दिली आणि विजेच्या दिव्यांनीं सज्ज असें नागरिक-क्रीडांगण उभें राहिलें. त्याची जागा लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अणुबाँबच्या स्फोटांत घुमटाचा सांगाडा तेवढा उरलेली इमारत सर्व जगाला छायाचित्रांतून माहीत आहे. हें क्रीडांगण त्या इमारतीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे होतें. सायंकाळीं दिवे लागत, हजारों कंठांतून गर्जना उठे, आणि समोर तो सांगाडा काळोखांत मूकपणें उभा असे. हें दृश्य परक्या पाहुण्याला विसंगत वाटे. गांवकऱ्यांना मात्र त्यांत विसंगति दिसत नसे. मेलेल्यांची आठवण आणि जिवंतांचा उत्साह हे दोन्ही त्यांच्या एकाच मोहल्ल्यांत राहत होते.

तथापि विजयाची वाट अजून लांब होती. तोयो कोग्यो ही मोटारी बनविणारी स्थानिक कंपनी, जी पुढें ‘माझदा’ या नांवानें ओळखली जाऊं लागली, तिच्या मालकांनीं १९६८ च्या सुमारास संघाचा भार उचलला आणि संघाच्या नांवांत ‘तोयो’ हा शब्द आला. त्याच वर्षीं कार्प प्रथमच पहिल्या तीन संघांत आला. त्याच वर्षींच्या सप्टेंबरमध्यें योशिरो सोतोकोबा या गोलंदाजानें एका सामन्यांत प्रतिपक्षाच्या एकाहि गड्याला पहिल्या तळापर्यंत पोंचूं दिलें नाहीं. सत्तावीसच्या सत्तावीस गडी त्यानें ओळीनें परत पाठविले. परंतु एक दिवस उजाडला म्हणून ऋतु पालटत नाहीं. १९७२, १९७३ आणि १९७४ अशीं लागोपाठ तीन वर्षें कार्प तळाशीं राहिला.

१९७५ सालीं संघाचें नेतृत्व ज्यो लुट्झ या अमेरिकन शिक्षकाकडे आलें. त्यानें पहिली गोष्ट केली ती ही कीं, खेळाडूंच्या डोक्यावरील गडद निळी टोपी बदलून लाल केली. लाल रंग हा झुंजीचा रंग, पराभवाची संवय मोडावयाची असेल तर ती डोक्यापासून मोडली पाहिजे, असा त्याचा हेतु होता. पंचाच्या निर्णयावरून झालेल्या वादांत संघाच्या अधिकाऱ्यांनीं हस्तक्षेप केला, तो न रुचून हा मानी गृहस्थ हंगामाच्या आरंभींच पद सोडून गेला. टोप्या मात्र राहिल्या. त्याच्या जागीं ताकेशी कोबा हा तरुण शिक्षक आला. जुलैमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यांत कार्पचे कोजी यामामोतो व सचिओ किनुगासा या दोघांनीं प्रत्येकीं दोनदां चेंडू कुंपणापार धाडला, तेव्हां लाल टोपीकडे साऱ्या जपानचें लक्ष वेधलें.

१५ ऑक्टोबर १९७५ रोजीं तोक्यो येथील कोराकुएन मैदानावर बलाढ्य ‘जायंट्स’ संघाशीं कार्पचा सामना होता. एक विजय मिळाला कीं संघटनेचें विजेतेपद हातीं येणार होतें. आठ डाव संपले तरी कार्पची आघाडी केवळ एका धावेची होती. नवव्या डावांत गेल हॉपकिन्स या अमेरिकन खेळाडूनें एकाच फटक्यांत तीन धावा मिळवून दिल्या आणि कार्पनें ४–० असा सामना जिंकला. पंचवीस वर्षांच्या उपेक्षेनंतरचा हा पहिला विजय! गंमत अशी कीं, एवढा नामांकित जायंट्स संघ त्या वर्षीं तळाशीं गेला. अणुबाँबला तीस वर्षें झालीं असतां हिरोशिमाला लाल टोपी दिली ती एका अमेरिकनानें, आणि निर्णायक फटका मारला तोहि एका अमेरिकनानें, या योगायोगाचा उच्चार शहरांत फारसा कोणी केला नाहीं. खेळाच्या मैदानावर माणसें आपल्या बाजूचीं कीं दुसऱ्या बाजूचीं, एवढाच भेद उरतो.

थोड्याच दिवसांनीं शांतिमार्गावरून विजयाची मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दुतर्फा सुमारें तीन लक्ष लोक जमले होते. त्या गर्दींत कांहीं वृद्ध स्त्रीपुरुष आपल्या दिवंगत आप्तांचीं छायाचित्रें उराशीं धरून उभीं होतीं. ज्यांनीं हा दिवस पाहावयास हवा होता त्यांना तो दाखविण्यासाठीं तीं आलीं होतीं. १९४९ सालच्या त्या प्रश्नाचें उत्तर ज्यांना हवें असेल त्यांनीं या छायाचित्रांकडे पाहावें.

राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सन्मान मात्र अद्याप मिळाला नव्हता. दोन संघटनांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेंत त्या वर्षीं कार्पला एकहि सामना जिंकतां आला नाहीं. तो योग १९७९ सालीं आला. आणि त्या वर्षाच्या दोन आठवणी हिरोशिमाच्या घराघरांतून सांगितल्या जातात.

पहिली आठवण किनुगासाची. हा जन्मानें क्योतोचा, पिता अमेरिकन सैनिक. १९७० पासून तो एकहि सामना न चुकतां खेळत होता. १ ऑगस्ट १९७९ रोजीं जायंट्सच्या निशिमोतो या गोलंदाजाचा चेंडू लागून त्याच्या खांद्याचें हाड मोडलें. अखंड खेळाची परंपरा तुटली असेंच सर्वांनीं धरलें. परंतु दुसऱ्या दिवशीं तो बदली फलंदाज म्हणून मैदानांत उतरला. एगावा या वेगवान गोलंदाजाच्या तीन चेंडूंवर त्यानें सर्व बळ एकवटून तीनदां दांडू फिरविला, तिन्ही वेळां तो हुकला आणि तो बाद झाला. पहिला फटका प्रेक्षकांसाठीं, दुसरा स्वतःसाठीं आणि तिसरा निशिमोतोसाठीं होता, असें त्यानें मागाहून सांगितलें. ज्याच्या चेंडूनें आपलें हाड मोडलें त्याच्या मनावरील ओझें उतरविण्याचा हा मार्ग होता.

दुसरी आठवण ४ नोव्हेंबर १९७९ ची. ओसाका येथें किंतेत्सु संघाविरुद्ध अंतिम मालिकेचा सातवा व अखेरचा सामना चालू होता. दोन्ही संघांना हें अजिंक्यपद पूर्वीं कधींच मिळालें नव्हतें. नवव्या डावाच्या उत्तरार्धांत कार्प ४–३ असा पुढें होता आणि चेंडू युताका एनात्सु या अनुभवी डावखुऱ्या गोलंदाजाच्या हातीं होता. पहिल्याच चेंडूवर किंतेत्सुचा फलंदाज तळावर पोंचला. आणि पाहतां पाहतां, एकहि गडी बाद न होतां, तिन्ही तळ प्रतिपक्षाच्या गड्यांनीं भरले. एक धाव झाली तर बरोबरी, दोन झाल्या तर सर्वस्व गेलें! त्याच वेळीं कोबानें दुसऱ्या गोलंदाजांना तयारीस धाडलें. आपल्यावरचा विश्वास उडाला असें वाटून एनात्सु मनांतून विंधला गेला. तेव्हां पहिल्या तळाजवळून किनुगासा त्याच्यापाशीं आला आणि, तूं खेळ सोडलास तर मीहि सोडीन, अशा अर्थाचे दोन शब्द बोलून परत गेला.

एनात्सु सांवरला. पुढील फलंदाजाला त्यानें बाद केलें. मग इशिवाता हा फलंदाज आला. प्रतिपक्षानें डाव असा योजला कीं, चेंडू हातांतून सुटतांच तिसऱ्या तळावरच्या गड्यानें घराकडे धांव घ्यावी आणि फलंदाजानें दांडू आडवा धरून चेंडू हळूच पुढें ढकलावा. गडी पळूं लागलेला एनात्सुच्या ध्यानीं आला. बोटांची पकड न बदलतां त्यानें तोच वांकडा चेंडू फलंदाजाच्या आवांक्याबाहेर, उंच व दूर टाकला. दांडू हुकला. धांवत आलेला गडी अधांतरीं सांपडून बाद झाला. दोन चेंडूंनंतर इशिवाताहि हुकला आणि हिरोशिमा जपानचें अजिंक्य शहर ठरलें. त्या डावांत एनात्सुनें एकंदर २१ चेंडू टाकले. या एकवीस चेंडूंवर जपानांत लेख लिहिले गेले आणि चर्चा झडल्या. १९ वा चेंडू हेतुपुरस्सर टाकलेला कीं दैवानें पडलेला, हा वाद रसिकांना दीर्घकाळ पुरला.

१९८० व १९८४ सालीं कार्पनें पुन्हा अजिंक्यपद मिळविलें. १३ जून १९८७ रोजीं किनुगासानें अमेरिकेच्या लू गेरिगचा २,१३० अखंड सामन्यांचा विक्रम मागें टाकला आणि त्याच हंगामाच्या शेवटीं २,२१५ वर थांबून तो निवृत्त झाला. १९९६ सालीं अमेरिकेच्या कॅल रिपकेननें हाहि विक्रम ओलांडला, तेव्हां त्याचें अभिनंदन करण्यासाठीं किनुगासा स्वतः तेथें हजर होता. 

१९९१ च्या सेंट्रल विजेतेपदानंतर मात्र पुन्हा अंधार पडला. खेळाडूंना अधिक वेतन देणाऱ्या संघांकडे जाण्याची मुभा मिळाली आणि सामान्य ऐपतीच्या कार्पमधून एकेक मोहरा निघून जाऊं लागला. १९९८ पासून २०१२ पर्यंत पंधरा वर्षें संघ पहिल्या तिघांत आला नाहीं. २००४ सालीं तर जपानी बेसबॉलचीच घडी विसकटली. १९७९ चा तो झुंजार किंतेत्सु संघ दुसऱ्या संघांत विलीन होऊन नामशेष झाला. आतां पाळी कोणाची, अशी कुजबूज सुरू झाली, तेव्हां हिरोशिमाच्या लोकांनीं आजोबांच्या काळचीं पिंपें पुन्हा बाहेर काढलीं. नव्या क्रीडांगणासाठीं त्यांत दहा कोटी येनहून अधिक रक्कम जमली. तें क्रीडांगण २००९ सालीं खुलें झालें.

२०१४ च्या डिसेंबरांत आलेल्या एका वार्तेनें शहर हर्षभरित झालें. गोलंदाज हिरोकी कुरोदा हा सात वर्षें अमेरिकेंत खेळून कीर्तिमान झाला होता. तेथें त्याला कितीतरी अधिक पैसा मिळत असतां तो जुन्या संघाकडे परत येण्यास निघाला होता. त्याच सुमारास, पूर्वीं संघ सोडून गेलेला ताकाहिरो अराइ हाहि परतला. १० सप्टेंबर २०१६ रोजीं तोक्यो येथें, पुन्हा एकदां जायंट्सविरुद्ध, कुरोदानें सामन्याची सुरुवात केली. कार्पनें तो ६–४ असा जिंकला आणि पंचवीस वर्षांनीं सेंट्रल विजेतेपद घरीं आलें. चाळिशीच्या आसपासचे हे दोन खेळाडू एकमेकांच्या गळ्यांत पडून रडत होते, आणि दूर हिरोशिमाच्या रस्त्यांवर अनोळखी माणसें एकमेकांचे हात हातीं घेत होतीं. पुढें २०१७ व २०१८ सालींहि तें पद संघानें राखलें. १९७९, १९८० व १९८४ नंतर चौथें राष्ट्रीय अजिंक्यपद मात्र या तिन्ही वर्षीं हुलकावणी देऊन गेलें.

संघाच्या विजयांची यादी केली तर ती जायंट्सच्या यादीपुढें तोकडी दिसेल. पण हिरोशिमाच्या हिशेबाची वही निराळी आहे. तींत पहिल्या पानावर विजय नाहीं. लांकडी पिंपांत पडलेलीं नाणीं आहेत. जुनें नागरिक-क्रीडांगण आतां उरलें नाहीं. २०२३ सालीं त्या जागेवर मोकळें उद्यान खुलें करण्यांत आलें. मात्र प्रेक्षकांच्या बांकांचा एक लहानसा भाग मुद्दाम तसाच राखून ठेवला आहे. रस्त्याच्या पलीकडे तो घुमट आहे, अलीकडे हीं बांकें आहेत. शहरानें दोन्ही जपलीं आहेत.